ब्रिटनमधल्या घराचा पहिला हिवाळा : ओल, बुरशी आणि बॉयलर

सप्टेंबरात बघितलेलं छान उजेडी घर नोव्हेंबरात ओळखू येत नाही. सकाळी पडदा सारावा तर काचांवरून पाणी ओघळलेलं असतं, चौकटीच्या तळाशी त्याचं तळं साचलेलं असतं. पंधरा दिवसांत रबराच्या पट्टीवर काळे ठिपके येतात आणि डिसेंबरात कपाटामागे हात घातला की भिंत ओलसर लागते. भारतातून नुकतंच आलेलं कुटुंब अशा वेळी एकच करतं : बाहेर पाऊस आहे ना, मग खिडक्या घट्ट लावा. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात हे बरोबरच आहे. इथे मात्र नेमकं याच सवयीने घर नासतं.

कारण समजून घ्यायला थोडं गणित पुरेल. बाहेर ५ अंश तापमान आणि धो धो पाऊस असला, तरी त्या हवेत घनमीटरमागे जेमतेम ७ ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची पाणी धरायची ताकद १७ ग्रॅमवर जाते. म्हणजे तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. थोडक्यात, ब्रिटिश हिवाळ्यातली पावसाळी हवासुद्धा घरात आल्यावर कोरडी असते. ओल करतो आपण : श्वास, अंघोळी, कुकर आणि घरात वाळत घातलेले कपडे. ही वाफ घरातली सगळ्यात गार जागा शोधते आणि तिथे तिचं पाणी होतं. काच, बाहेरच्या भिंतीचा कोपरा आणि कपाटामागची भिंत या तिच्या ठरलेल्या जागा.

घर बघायला जाल तेव्हा

एजंट पंधरा मिनिटं देतो. त्यातली पाच मिनिटं विटांवर घालवा. विटांच्या प्रत्येक थरात फक्त लांब बाजू दिसत असतील, तर भिंत बहुधा दुहेरी, मध्ये पोकळी असलेली आहे. लांब आणि आखूड बाजू आलटून पालटून दिसत असतील, तर ती भरीव भिंत समजा. व्हिक्टोरियन काळातल्या चाळवजा ओळघरांमध्ये भरीव भिंतीच असतात. त्या लवकर गार पडतात आणि हिवाळ्यात पाणी धरतात. असं घर घेऊच नये असं नाही, पण गॅसचं बिल जास्त येणार हे धरून चाला.

ऊर्जा प्रमाणपत्र मागा, म्हणजे घर किती ऊर्जा खातं ते कळतं. ए ते जी अशा श्रेणी असतात, ए सगळ्यात चांगली. इंग्लंड आणि वेल्समध्ये, काही सवलती सोडल्या तर, ई पेक्षा खालच्या श्रेणीचं घर भाड्याने देता येत नाही. दोन शेजारच्या घरांचं भाडं सारखं असेल, तर सी श्रेणीचं घ्या. दिवाणखाना थोडा लहान असला तरी. मग कपाटं उघडून वास घ्या आणि खोलीच्या एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसतोय का ते बघा. एका कोपऱ्यापुरता रंग कोणी हौसेने लावत नाही.

ताबा मिळाल्याच्या दिवशी

सामान उघडण्याआधी गॅस आणि विजेच्या मीटरचे फोटो काढा, आकडे स्पष्ट दिसतील असे. हे आकडे त्याच दिवशी वीज-गॅस कंपनीला कळवले नाहीत, तर आधीच्या भाडेकरूचा वापर तुमच्या बिलात येऊ शकतो. मीटर प्रीपेड असेल तर जुन्या चावीवर किंवा कार्डावर पैसे भरू नका. त्यावर आधीच्या माणसाची थकबाकी असली तर तुमचे पैसे तिकडे वळते होतात. आधी कंपनीला फोन करून नवी चावी मागवा.

गॅसचा मीटर घनमीटरमध्ये मोजतो आणि बिल येतं किलोवॅट-तासांत, त्यामुळे पहिलं बिल बघून बरेच जण दचकतात. एक घनमीटर म्हणजे साधारण ११ किलोवॅट-तास एवढं लक्षात ठेवा. मीटर जुना, घनफुटांचा असेल, तर आधी दर १०० घनफुटांना २.८३ ने गुणून घनमीटर काढावे लागतात. ऑफजेम ही नियामक संस्था दर तीन महिन्यांनी जी कमाल मर्यादा जाहीर करते, ती एका युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर असते, तुमच्या एकूण बिलावर नव्हे. वापर वाढला की बिल वाढणारच.

त्याच दिवशी पाण्याचा मुख्य कॉक शोधून ठेवा. बहुतेक घरांत तो स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो आणि घड्याळाच्या दिशेने फिरवला की बंद होतो. पाइप फुटल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. घरमालकाकडून गॅस तपासणीचा दाखला घ्या. ही तपासणी दरवर्षी व्हावी लागते आणि नव्या भाडेकरूला दाखला राहायला येण्याआधी मिळायला हवा. तपासणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत, नोंदलेला असला पाहिजे. त्याच्याकडे फोटो असलेलं ओळखपत्र असतं.

इंग्लंडमध्ये प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म आणि बॉयलर (गॅसवर पाणी तापवून घर गरम ठेवणारं यंत्र) असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणं घरमालकाला बंधनकारक आहे. बटण दाबून दोन्ही वाजतात का ते बघा. या वायूला रंग नाही, वास नाही. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, मळमळलं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर सर्दी-तापाचा विचार करत बसू नका. खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा. गॅसचा वास आला तरी हाच क्रमांक. आणि कितीही थंडी असो, कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात पेटवायचा नाही.

बॉयलरशी ओळख

भिंतीवर एकच पेटी आहे आणि पाण्याची वेगळी टाकी कुठेच नाही, म्हणजे तुमच्याकडे कॉम्बी बॉयलर आहे : नळाचं आणि हीटिंगचं, दोन्ही पाणी तोच तापवतो. त्याच्यावर पाण्याच्या दाबाचा काटा किंवा आकडा असतो. बॉयलर गार असताना तो १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. तापल्यावर थोडा चढतो, ते ठीक. १ च्या बराच खाली गेला की बॉयलर बंद पडतो, आणि नवख्या घरातल्या 'हीटिंग गेलं'च्या तक्रारींमधल्या कितीतरी इथेच मिटतात. दाब असा वाढवायचा :

१. बॉयलर बंद करा आणि गार होऊ द्या.
२. बॉयलरखाली धातूच्या वेणीचा लवचिक पाइप शोधा. त्याच्या टोकांना एक किंवा दोन छोटे कॉक असतात. काही मॉडेलमध्ये पाइपऐवजी आतच खटका असतो. सूचनापुस्तिकेत चित्र असतं.
३. कॉक हळूच उघडा. पाणी शिरल्याचा आवाज येईल. नजर काट्यावरच ठेवा.
४. १.२ ते १.५ वर आला की दोन्ही कॉक पक्के बंद करा, मग बॉयलर सुरू करा.

गडबड होते ती चौथ्या पायरीला. एक कॉक किंचित उघडा राहिला की दाब चढत राहतो आणि ३ बारला सुरक्षा झडप उघडून बाहेरच्या भिंतीवरच्या तांब्याच्या नळीतून पाणी गळायला लागतं. दाब दर आठवड्याला उतरत असेल तर पाणी भरत बसू नका, कुठेतरी गळती आहे, घरमालकाला लिहा. बॉयलरचं झाकण मात्र आपण कधीच उघडायचं नाही.

रेडिएटर (गरम पाणी आत फिरवून खोली तापवणारा भिंतीवरचा पत्रा) खाली गरम आणि वर गार लागत असेल तर त्यात हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून तो गार होऊ द्या. वरच्या टोकाला छोटी चौकोनी खुंटी असते. तिची चावी हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीन पौंडांत मिळते. खाली फडकं आणि वाटी धरून चावी घड्याळाच्या उलट दिशेला पाव ते अर्धा फेरा फिरवा. फुस्स आवाज करत हवा निघेल. पाण्याची धार लागली की लगेच बंद करा. पहिलं पाणी काळपट असतं आणि त्याचा डाग गालिच्यावरून जात नाही, म्हणून वाटीखालीही जुनं फडकं हवंच. नंतर बॉयलरचा दाब पुन्हा बघा. हवा काढली की तो उतरतो. उलट, रेडिएटर वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर आत गाळ साचला आहे. ते काम प्लंबरचं.

रेडिएटरवरच्या नॉबचे १ ते ५ आकडे हे त्या खोलीचं तापमान ठरवतात; ३ म्हणजे साधारण २० अंश. बर्फाच्या खुणेवर ठेवला तर गोठण्यापुरतं संरक्षण मिळतं. ज्या खोलीत भिंतीवरचा थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवणारं यंत्र) आहे तिथला नॉब पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर दोघे एकमेकांशी भांडतात आणि बाकीचं घर गार राहतं. थर्मोस्टॅट ३० वर फिरवल्याने घर लवकर तापत नाही, तेवढ्याच वेगाने तापतं आणि थांबायचं विसरतं. १८ ते २० वर ठेवा. आई-बाबा भारतातून आले असतील तर दिवाणखान्यात २१.

बॉयलरवर रेडिएटरच्या पाण्याचं तापमान वेगळं ठरवता येतं, आणि ते अनेकदा ७५ किंवा ८० वर ठेवलेलं असतं. कॉम्बी असेल तर ६० वर आणा. गॅस वाचतो, रेडिएटर जरा जास्त वेळ कोमट राहतात आणि घर सलग उबदार राहतं. ओल टाळायला हेच हवं असतं. पाण्याची वेगळी टाकी असेल तर मात्र हे करू नका. टाकीतलं पाणी ६० अंशांना ठेवावं लागतं, नाहीतर त्यात लेजिओनेला नावाचे, न्यूमोनिया करणारे जिवाणू वाढू शकतात.

कडक थंडीच्या सकाळी बॉयलरमधून गुडगुड आवाज येऊन तो बंद पडला, तर बाहेरच्या भिंतीवरची प्लॅस्टिकची बारीक नळी गोठली असण्याची शक्यता मोठी. ती हाताला लागेल अशी असेल, तर कोमट पाणी ओता किंवा गरम पाण्याची पिशवी धरा. उकळतं पाणी ओतलं तर नळी तडकते. बर्फ सुटल्यावर बॉयलरचं रीसेट बटण दाबा.

स्वयंपाक, अंघोळ, कपडे

चुलीवरची चिमणी वाफ बाहेर टाकते की नुसती फिरवते, हे आधी तपासा. चिमणी चालू करून घराबाहेर जा आणि भिंतीवरच्या जाळीतून वारा येतोय का ते बघा. येत नसेल, तर ती कोळशाच्या गाळणीची चिमणी आहे : फोडणीचा वास थोडा धरते, वाफ जशीच्या तशी घरात सोडते. अशा घरात कुकर लावताना खिडकी दोन बोटं उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद हवं. दार उघडं राहिलं की कुकरची वाफ सरळ जिना चढून बेडरूमच्या गार कोपऱ्यात जाऊन बसते. फोडणीने धुराचा अलार्म वाजला म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवू नका. स्वयंपाकघरासाठी उष्णता ओळखणारा वेगळा अलार्म मिळतो. घरमालकाकडे तो लेखी मागा.

बाथरूमच्या पंख्याची परीक्षा सोपी आहे. पंखा चालू करून टॉयलेट पेपरचा एक तुकडा जाळीला लावा. चिकटून राहिला तर पंखा ओढतोय. पडला तर जाळी धुळीने भरली आहे किंवा पंखा गेला आहे. पंखा अजिबात फिरत नसेल, तर दारावरच्या भिंतीत, बहुधा बाहेरच्या बाजूला, एक छोटा स्विच बघा. आवाजाला कंटाळून आधीच्या भाडेकरूने तो बंद केलेला असतो आणि घरमालकाला पत्ताही नसतो. अंघोळीनंतर दार लावून पंखा २० मिनिटं चालू ठेवा. बादलीने अंघोळ करणाऱ्यांनी आधी गार पाणी घेऊन मग गरम सोडावं. वाफ बरीच कमी होते.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे वाळत घातलेले कपडे. एका मशीनभर कपड्यांतून साधारण २ लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. रेडिएटरवर कपडे टाकले तर खोली तापत नाही आणि बुरशीची सोय होते. त्याऐवजी असं करा : मशीनमधून काढण्याआधी एकदा जास्तीत जास्त वेगाने नुसतं पिळून घ्या. मग सगळे कपडे एकाच खोलीत स्टँडवर, एकमेकांपासून हातभर नाही तरी चार बोटं दूर घाला, खोलीचं दार बंद करा आणि खिडकी किलकिली ठेवा किंवा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, लावा.

हे यंत्र घेण्यासारखं आहे, पण बघून घ्या. कॉम्प्रेसरचं यंत्र गरम ठेवलेल्या खोलीत चांगलं चालतं आणि वीज कमी खातं. गार गॅरेजसाठी दुसऱ्या, डेसिकंट (ओल शोषणारा पदार्थ वापरणाऱ्या) प्रकारचं बरं. खोक्यावर '१२ लिटर' लिहिलेलं असतं ते ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेतलं. तुमच्या १८ अंशांच्या खोलीत निम्म्याहून कमी पाणी निघेल, त्यात यंत्राचा दोष नाही. खिडकी उघडी ठेवून हे यंत्र चालवायचं नाही, नाहीतर ते गावभरचं पाणी गोळा करत बसतं. दहा-बारा पौंडांचा आर्द्रतामापक घ्या आणि आकडा ५० ते ६० च्या मध्ये ठेवा. ७० च्या वर दिवसेंदिवस राहिला की बुरशी ठरलेली.

रोज सकाळी समोरासमोरच्या खिडक्या १०-१५ मिनिटं सताड उघडा. तेवढ्यात हवा बदलते, भिंती गार पडत नाहीत. काचेवरचं पाणी फडक्याने टिपा आणि ते फडकं सिंकमध्ये पिळा. रेडिएटरवर टाकलं तर तेच पाणी पुन्हा काचेवर. खिडकीच्या वरच्या चौकटीत सरकणारी बारीक फट असते, ती हिवाळाभर उघडी राहू द्या. कपाटं आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून निदान ५ सेंटिमीटर पुढे ओढा.

घरात तान्हं बाळ असेल तर एक गोष्ट आजीला न दुखावता सांगावी लागेल. इथल्या सल्ल्यानुसार बाळाची खोली १६ ते २० अंश असावी आणि बाळाला घरात झोपवताना कानटोपी घालू नये. बाळ जास्तीची उष्णता डोक्यातून सोडतं, आणि अति गरम होणं हा झोपेतल्या अचानक मृत्यूचा एक धोका मानला जातो. छातीला किंवा मानेमागे हात लावून बघा; हातपाय गार लागणं नेहमीचंच.

बुरशी आलीच तर

आधी ओल कुठली ते ओळखा. काचेच्या आतल्या बाजूला पाणी आणि कोपऱ्यांत काळे ठिपके, ही घरातली वाफ. दुहेरी काचेच्या मधोमध धुकं असेल तर काचेचं सील गेलं आहे, कितीही पुसून जाणार नाही. भिंतीवर एकाच जागी डाग आणि पावसानंतर तो मोठा होतो, म्हणजे छताची पन्हळ फुटली आहे किंवा भिंतीला भेग आहे. तळमजल्यावर जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत भरतीच्या रेषेसारखी खूण आणि पांढरी खार दिसली, तर जमिनीतली ओल वर चढते आहे. पहिला प्रकार सोडला तर बाकी सगळं घरमालकाचं काम.

पहिल्या प्रकारची, एक चौरस मीटरपेक्षा कमी जागेतली बुरशी घरी काढता येते. दमा असलेल्यांना आणि मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा, दार लावा, खिडकी उघडा. हातमोजे, चष्मा आणि एफएफपी२ (बारीक कण अडवणारा) मास्क घाला. बुरशीनाशक द्रावण फवारा, बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. कोरडी बुरशी ब्रशने खरवडायची किंवा व्हॅक्यूमने ओढायची नाही. कण घरभर होतात. ब्लीच टाइल्सवर ठीक. प्लास्टरवर रंग जातो आणि बुरशी आत राहते. आणि ब्लीचमध्ये क्षार घालवणारं द्रावण कधीही मिसळू नका. दोन्ही बाटल्या बाथरूममध्ये शेजारी शेजारी असतात, आणि एकत्र आल्या की विषारी क्लोरीन वायू निघतो.

घरमालकाशी सगळं लेखी ठेवा. 'खिडक्या उघडत जा' हे एजंटचं पाठ असलेलं उत्तर आहे. त्याला फोटोने उत्तर द्या : आर्द्रतामापकावर ५५ टक्के, तापमान १९ अंश, आणि तरीही ओली भिंत, असे आठवडाभराचे फोटो तारखेसह पाठवा. मग दोष राहणाऱ्यांचा नाही, भिंतीचा आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. इंग्लंडमध्ये घर राहण्यायोग्य ठेवण्याचं बंधन घरमालकावर आहे. तसा कायदा २० मार्च २०१९ पासून लागू आहे. दाद लागली नाही तर कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) पर्यावरण आरोग्य विभागाला कळवा. रॉचडेलमध्ये बुरशीच्या घरात राहून २०२० साली दगावलेल्या अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सामाजिक घरांना, म्हणजे कौन्सिल किंवा गृहसंस्थांनी भाड्याने दिलेल्या घरांना, लागू झाला आहे. त्यात तातडीचा धोका २४ तासांत दूर करावा लागतो आणि गंभीर ओलीची तपासणी कामाच्या १० दिवसांत करावी लागते. रागाच्या भरात भाडं मात्र थांबवू नका. थकबाकी झाली की बाजू तुमची लंगडी पडते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, तिथे स्थानिक कौन्सिलकडे विचारा.

डिसेंबरात भारतात जाताना

हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ नका. थर्मोस्टॅट १२ ते १५ वर ठेवा, नाहीतर पाइप गोठून फुटू शकतात आणि परत आल्यावर छत खाली आलेलं दिसतं. पाण्याचा मुख्य कॉक बंद करा. आतली दारं आणि कपाटं उघडी ठेवा, ओला टॉवेलही मागे राहू देऊ नका. घराचा किंवा सामानाचा विमा काढला असेल तर त्यातलं रिकाम्या घराचं कलम वाचा. बऱ्याच पॉलिसींत सलग ३० दिवसांपेक्षा जास्त घर रिकामं राहिलं की पाणी फुटल्याची आणि चोरीची भरपाई मिळत नाही. पुण्याची सहल पाच आठवड्यांची असेल तर तिकिटं काढल्यावर लगेच विमा कंपनीला कळवा आणि उत्तर लेखी घ्या. शेजाऱ्यांकडे चावी देऊन आठवड्यातून एकदा चक्कर मारायला सांगितलेलं बरं.

परत आल्यावर कॉक उघडा, बॉयलरचा दाब बघा, आणि पहिल्या अंघोळीआधी सगळे नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या. शॉवर वाहताना त्याचं तोंड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, म्हणजे साचलेल्या पाण्याचे तुषार उडणार नाहीत; त्या पाण्यात लेजिओनेला वाढलेला असू शकतो.